अकरा अंश शिल्लक

त्या सकाळी गावंडे सरांना चौऱ्याहत्तर हवे होते आणि ढोक बाईंना एकोणनव्वद. कोणाला कशासाठी किती हवे, याचा हिशेब मी संगणक खोलीतल्या खुर्चीवर टेकायच्या आतच मांडला होता. सव्वीस वर्षं पुस्तपालन शिकवून मला ही खोडच जडली होती. माणूस समोर आला की त्याची जमेची बाजू आणि नावेची बाजू आपोआप दिसायला लागायची.

गावंडे सर भौतिकशास्त्राचे. जूनमध्ये पर्यवेक्षकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि त्या खुर्चीकडे बघताना सरांची मान थोडी तिरकी व्हायची, जसं आपण दुकानातल्या काचेमागच्या वस्तूकडे बघतो. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्यानं सीडीवर एक सॉफ्टवेअर पाठवलं होतं. संगणकाच्या आतला प्रोसेसर किती तापला आहे ते ते सॉफ्टवेअर दाखवायचं, आणि ते दाखवत होतं चौऱ्याहत्तर अंश. हे चौऱ्याहत्तर खरे ठरले, तर शाळेत संगणकातलं कोणाला कळतं हे ठरणार होतं. दुसरंही एक होतं. यंत्र उघडून आत बघायची वेळ आली, तर आत काय निघेल याची सरांना धास्ती होती. त्याबद्दल पुढे.

कुंदा ढोक बाई शाळेत संगणक शिकवायच्या. तासिका तत्त्वावर, सात वर्षं. म्हणजे शिकवला तेवढा तास त्यांचा, बाकी शाळा दुसऱ्यांची. त्या वर्षी संस्थेच्या कार्यवाहांनी त्यांना शब्द दिला होता: एक मेचा निकाल संगणकावर काढून दाखवा, प्रत्येक प्रगतिपुस्तकावर मुलाचा फोटो पाहिजे, मग तुमचं नाव कायम मान्यतेला पाठवतो. अकराशे चाळीस मुलं होती. बाई सहा आठवडे गुण भरत होत्या, फोटो चढवत होत्या. त्यांच्या सॉफ्टवेअरला प्रोसेसर एकोणनव्वद अंशांवर दिसत होता. ते खरे ठरले, तर यंत्र तीन दिवस बंद ठेवून अकोल्याच्या माणसाकडून आतून साफ करून घेता येणार होतं. यंत्र जगलं की निकाल लागणार, निकाल लागला की बाई कायम होणार. इतकं सरळ होतं ते.

मुख्याध्यापक तायडे सरांना दोन्ही आकडे नको होते. त्यांना निवृत्तीला एक वर्ष होतं आणि ते वर्ष त्यांना भांडणाशिवाय काढायचं होतं.

आणि मी, धोत्रे, तायडे आणि गावंडे सरांसोबत शाळेच्या संगणक कमिटीतला तिसरा माणूस. तटस्थ. तटस्थ माणसाला काही नको असतं असं सगळे धरून चालतात.

२००९ सालचा एप्रिल, अठरा तारीख, शनिवार. आमचं गाव अकोल्याच्या अलीकडचं, तालुक्याचं. उन्हाळ्यात शाळा सकाळी सातला भरायची आणि अकराला सुटायची. आमची बैठक साडेदहाची. संगणक खोली वरच्या मजल्यावर, टिनाखाली. खिडकीत कूलर असा बसवला होता की त्याची गार, ओली हवा सरळ यंत्राच्या पोटात जावी. ही युक्ती गावंडे सरांचीच, आदल्या वर्षीची. बाईंचं म्हणणं, ओल्या हवेबरोबर धूळ आत जाते, आणि ओली धूळ तापल्या जागी बसली की तिचं लिंपण होतं.

पडद्यावर दोन्ही सॉफ्टवेअरच्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या होत्या. एकीत ८९, एकीत ७४.

"बाई, तुमचं सॉफ्टवेअर तापट दिसते," गावंडे सर म्हणाले. "मालकिणीवर गेलं."

तायडे सर हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. टेबलावरची वही त्यांनी पुढे ओढली.

"सर, दुपारी पंख्याचा आवाज बदलते. घरघरून राहिला तो. तुम्ही एकदा दुपारी येऊन पाहा."

"एवढ्या उन्हात कोण येते बाई," तायडे सर म्हणाले. "आपल्याले भांडण नाही पायजे. कोणता आकडा खरा तेवढं सांगा, मी सही करतो."

"दोन्ही खरे आहेत सर."

"घ्या," गावंडे सर म्हणाले.

"म्हणजे दोन्ही खोटेही आहेत." बाईंनी माउस हातात घेतला. दोन्ही खिडक्यांमध्ये एक बारीक चौकोन होता, त्यात त्यांनी बरोबरची खूण केली. दोन्हीकडचे आकडे एकदम बदलले. इकडे ११. तिकडेही ११.

"हे पाहा. यंत्र आपण किती तापलो ते सांगतच नाही. ते एवढंच सांगते, की माझ्या शेवटापासून मी किती अंश अलीकडे आहे. शेवट कुठं, ते सॉफ्टवेअर लिहिणारा आपल्या मनानं धरते. माझ्यावाल्यानं शंभर धरला. सरांच्या वाल्यानं पंच्याऐंशी. त्यातून अकरा गेले की एकाचे एकोणनव्वद, एकाचे चौऱ्याहत्तर. ते दोघं भांडूनच नाही राहिले सर. दोघंही म्हणतात, अकरा उरले."

गावंडे सरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात एखाद्या पोरीनं अडचणीचा प्रश्न विचारला की ते असा चष्मा पुसत.

"बाई, थर्मामीटर काखेत लावलं तर ताप किती ते सांगते. मरायले किती उरला ते सांगते काय?"

"हे सांगते," बाई म्हणाल्या.

आता तायडे सर माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे बघितलं की मी काहीतरी काढून देतो, अशी माझी शाळेत ख्याती होती. दुकानातून यंत्रासोबत आलेला कागद मी हातात घेतला. त्यावर छापलं होतं, प्रोसेसर पंच्याऐंशी अंशांच्या आत ठेवावा.

"सर, एकच पेपर दोघांनी तपासला आणि गुण जुळले नाहीत, तर आपण काय करतो?"

तायडे सरांचा चेहरा उजळला. "मधला काढतो."

ही आमच्या शाळेची जुनी रीत. दोन तपासणारे, दोन आकडे, बेरीज करून भागिले दोन. कोणाचा अपमान नाही, कोणाचा विजय नाही. या रीतीनं आम्ही कितीतरी पोरांना वर चढवलं होतं आणि कितींना खाली उतरवलं होतं, आणि कधी कोणी तक्रार केली नव्हती.

एकोणनव्वद आणि चौऱ्याहत्तर, एकशे त्रेसष्ट. निम्मे साडेएक्क्याऐंशी. मर्यादा पंच्याऐंशी. म्हणजे आतच.

रजिस्टरात नोंद माझ्या अक्षरात आहे. 'दोन्ही सॉफ्टवेअरची सरासरी ८१.५ अंश, मर्यादेत. सबब यंत्र बंद ठेवण्याची आवश्यकता नाही.' पुढचं वाक्य गावंडे सरांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'परवानगीशिवाय यंत्र बंद करू नये.' तिघांच्या सह्या झाल्या.

बाईंनी वही माझ्यापुढे केली. चौकटीची वही, तीन रकाने: तारीख, वेळ, उरले. "सर, सकाळी अकरा दिसतात. बाराला सात. तीनला चार. तुम्ही तर पुस्तपालनाचे. तुम्ही शिल्लक पाहा."

"बाई, नोंद झाली आता," मी म्हणालो. खाली शाळा सुटल्याची घंटा झाली.

*

सोमवारी दुपारी अडीचला बाई माझ्या घरी आल्या. सुती ओढणीनं तोंड बांधलेलं, फक्त डोळे उघडे. ओढणी सोडली तेव्हा कपाळावर तिचा वळ उमटलेला दिसला. त्या सायकल लावून ओसरीत टेकल्या आणि सुचिता न सांगता पन्हं घेऊन आली.

सुचिता माझी सून. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्याकडे संगणकाची पदवी होती. मुलगा बँकेत, फिरतीवर. ती घरीच असायची.

"बसा ना तुम्हीही," बाई तिला म्हणाल्या, आणि वही आमच्या दोघांमध्ये ठेवली. मी काही बोलायच्या आत सुचितानं ती उचलली. रकान्यावरून तिचं बोट खाली खाली गेलं.

"म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरनी शेवट वेगळा धरला, म्हणून आकडा वेगळा. उरलेले सारखेच."

"पाहा," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना एका मिनिटात कळलं." मग तिला म्हणाल्या, "तुम्ही या ना कधी शाळेत. मुलींना शिकवा एखादी गोष्ट. मी एकटी किती पुरी पडणार."

सुचिता लाजली. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लाजण्यापेक्षा जास्त होतं. दीड वर्षात तिला कोणी 'शिकवा' म्हटलं नव्हतं.

बाईंचं काम छोटं होतं. एक अर्ज त्यांनी लिहून आणला होता, तीन दिवस यंत्र बंद ठेवण्याचा. कमिटीतल्या एकाची सही झाली तर तायडे सर ऐकतील, असा त्यांचा अंदाज होता. बरोबर होता. तायडे सर दोन सह्यांच्या विरुद्ध कधी गेले नाहीत.

"पण बाई, तिघांनी सही केलेली नोंद मी एकट्यानं कशी खोडू?"

"खोडू नका सर. खाली एक ओळ लिहा. चुकीची नोंद झाली तर दुरुस्तीची नोंद असते ना? तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. मी तुमच्याच वर्गात होते."

हे मी विसरलो होतो. पंधराएक वर्षांपूर्वी, तिसऱ्या बाकावर, दोन वेण्या, वही नेहमी कव्हर घातलेली. मला आठवलं आणि मी आठवल्याचं दाखवलं नाही.

"गुरुवारी कमिटी आहे," मी म्हणालो. "त्यात मांडतो."

गुरुवारी कसलीही कमिटी नव्हती. ती मी बोलता बोलता भरवली.

"गुरुवार," बाई म्हणाल्या आणि वहीकडे बघितलं. मनात काही वजाबाकी केली असावी. "बघते, चालवते तोवर. पंखा लावते टेबलावरचा. सर, मधेच काही झालं तर फोन करू का? तायडे सर दुपारी अकोल्याला असतात, त्यांचा मोबाइल लागत नाही. आणि बंद करायला कोणाची तरी परवानगी पाहिजे."

"करा ना. केव्हाही करा. मी घरीच असतो."

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आमच्या लँडलाइनचा नंबर लिहून घेतला. ओढणी बांधता बांधता सुचिताला म्हणाल्या, "पन्हं मस्त झालं. वेलची जास्त नाही घातली ते बरं केलं."

*

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी, चोवीस तारखेला, दुपारी तीन दहाला यंत्र आपणहून बंद पडलं. मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत कळलं, म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगितलं.

प्रोसेसर आपल्या शेवटाला पोचला की तो विचारत बसत नाही, मिटतो. त्याच क्षणी निकालाची फाइल लिहिली जात होती. पुन्हा सुरू केल्यावर ती उघडेना. दुसरी प्रत नव्हती, कारण निकालाची गोपनीयता. एक मेच्या आधी निकाल खोलीबाहेर जाऊ नये म्हणून तायडे सरांनी बाईंचा पेन ड्राइव्ह मार्चमध्येच आपल्या कपाटात कुलपात ठेवला होता. सहा आठवड्यांचं काम गेलं.

मग बावीस शिक्षक चार दिवस व्हरांड्यात मांडी घालून बसले आणि अकराशे चाळीस प्रगतिपुस्तकं हातानं लिहून काढली. चहा, शेंगदाणे, चेष्टा. "आपलं मशीन पाहा," गावंडे सर पेन उंच करून म्हणायचे, "साडेएक्क्याऐंशीच्या खाली." लोक हसायचे. बाई त्यांच्यातच बसून लिहीत होत्या. सगळ्यात सुवाच्य अक्षर त्यांचं होतं, म्हणून नववीचे वर्ग त्यांना दिले होते. एक मेला निकाल लागला. फोटोशिवाय.

दोन मेला चौकशी झाली. तायडे सरांनी रजिस्टर उघडून माझी नोंद मोठ्यानं वाचली, एकेक शब्द सुटा सुटा.

"आता यात काही वाद उरत नाही," गावंडे सर म्हणाले. "उष्णता मर्यादेत होती, हे कमिटीनं लिहून ठेवलं आहे. मग यंत्र उष्णतेनं तर बंद पडलं नाही. राहिलं काय? चालवणाऱ्याची चूक."

भौतिकशास्त्राच्या माणसाला असं बोलताना संकोच व्हायला हवा होता. पण रजिस्टरापुढे पदार्थविज्ञान चालत नाही. मी बेरीज करून भागिले दोन केलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं मी भांडण मिटवतोय. त्या आकड्याचं काम नंतर होतं. तो बाईंविरुद्धचा पुरावा म्हणून तयार झाला होता.

बाई माझ्याकडे वळल्या.

"धोत्रे सर, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"माझी सही आहे तिथं," मी म्हणालो.

बाईंकडे विचारण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी त्या खोलीत, तायडे सरांपुढे, गावंडे सरांपुढे विचारली असती तर मी काय केलं असतं, हे मी आजवर पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलं आहे. त्यांनी विचारली नाही. माझी लाज राखली म्हणा, किंवा त्यांना आता काही अपेक्षाच उरली नव्हती म्हणा.

"तुम्ही तरी शिल्लक पाहाल असं वाटलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. संगणक खोलीच्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, मोजून, चारही. मग जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. मधल्या पायरीवर थांबला. ओढणी बांधत असाव्यात.

*

जूनमध्ये संगणक शिक्षकाच्या कायम पदाला मान्यता आली. ज्या पदासाठी बाईंचं नाव जायचं होतं, तेच. जाहिरात लागली. अर्ज सात आले, त्यातला एक सुचिताचा.

मुलाखतीच्या वेळी नात्यातला म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. नियमाला धरून. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी समजलो की काम झालं.

नियम मला पाठ होते, आणि हिशेबही. अठरा एप्रिलच्या सकाळी मी सगळ्यांच्या फायद्या-तोट्याची यादी मांडली असं वर म्हणालो. त्या यादीत एक नोंद मी घातली नव्हती. ढोक बाई कायम झाल्या, तर शाळेतलं ते पद वीस वर्षं भरलेलं राहणार होतं. नाही झाल्या, तर माझ्या घरात पदवी घेऊन बसलेली एक मुलगी होती. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. साडेएक्क्याऐंशी हा आकडा मला इतक्या लवकर कसा सुचला, याचं उत्तर मात्र मी कोणाला दिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

पहिल्याच आठवड्यात सुचितानं अकोल्याचा माणूस बोलावला आणि यंत्र उघडवलं. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पंख्याखालून तळहाताएवढी मातीची खापरी निघाली. भाजलेली, कडक, बोटांनी तुटेना. तिनं ती वर्तमानपत्रावर ठेवून पर्यवेक्षकांना दाखवली. पर्यवेक्षक आता गावंडे सर होते.

"धूळ तर बसतेच," ते म्हणाले. कूलर मात्र दुसऱ्या खिडकीत हलवला गेला, त्याच दुपारी, शिपायाकडून, कोणी काही न बोलता. त्यानंतर यंत्र सहा वर्षं चाललं. सुचिता एकदा जेवताना म्हणाली होती, आता भर दुपारीही चाळीसच्या वर उरतात. मी भाजी वाढून घेतली.

*

तीन वर्षांनी, मीही निवृत्त झाल्यावर, एप्रिलातल्या एका दुपारी सुचिता शाळेतून आली. तिच्या हातात चौकटीची वही होती. टेबलाचा खण अडकत होता म्हणून काढला, तर मागे पडलेली सापडली, म्हणाली.

मी दिवाणावर आडवा होतो. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि शेवटचं भरलेलं पान उघडून वाचायला लागली. आवाज न चढवता, जसं मुलांना उतरवून घ्यायला सांगतात.

"चोवीस एप्रिल. दोन पंधरा, उरले पाच. दोन चाळीस, तीन. दोन पन्नास, दोन. कंसात लिहिलंय, बंद करायची परवानगी नाही. तायडे सर, लागत नाही. दोन पंचावन्न, धोत्रे सर, फोन. तीन वाजता, धोत्रे सर, फोन. तीन पाच, उरला एक. धोत्रे सर, फोन." तिनं पान उलटलं. "पुढे कोरं आहे."

कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही घरीच होतात."

"झोप लागली असेल."

"फोन तुमच्या उशाशी होता तेव्हा. या इथं."

"उन्हाची झोप गाढ असते गं."

तिनं वही मिटली. माझी सून फार बोलणारी नाही, पण तिच्या आवाजात कधी राग नसायचा. त्या दिवशीही नव्हता.

"मी आतल्या खोलीत होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाजला तेव्हा वाटलं, तुम्ही उचलता. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. तिसऱ्यांदा मी उठून दारापर्यंत आले. तुम्ही जागे होतात बाबा. घड्याळाकडे बघत होतात."

मला ते घड्याळ आठवलं. भिंतीवरचं, निळ्या तबकडीचं. मिनिटकाटा एकावर. फोन दर खेपेला किती वेळा वाजून थांबला, ते मी मोजलं होतं. बारा, बारा, आणि तिसऱ्यांदा सतरा. मी काही केलं नाही. काही करावं लागलं नाही. उताणं पडून राहायचं होतं फक्त.

"मग तू काहून नाही उचलला?" मी विचारलं. माझा आवाज मला गावंडे सरांसारखा वाटला.

"तुम्ही उचलला नाही म्हणून." ती वहीच्या कव्हरवरून बोट फिरवत होती. "आणि मलाही कळलं होतं कोणाचा असेल ते. सोमवारी मी ते आकडे पाहिले होते ना. शुक्रवारपर्यंत किती उरणार, ते मला काढता येत होतं."

मग तिनं वही तिवईवर ठेवली आणि उठली. दारात थांबून म्हणाली, "पन्हं करू का, सर?"

शाळेत ती मला सर म्हणायची आणि घरी बाबा. त्या दिवसापासून घरीही सर.

तिनं नोकरी सोडली नाही. मी सोड म्हटलं नाही. दोन लेकरं झाली, घर बांधलं, ते सगळं त्या पदावर उभं आहे. मुलाला यातलं काही ठाऊक नाही. त्याला वाटतं, शाळेची सवय म्हणून तोंडात बसलं असेल. पाहुणे आले की तो हसून सांगतो, आमच्याकडे सासऱ्याला सर म्हणतात.

ढोक बाई कुठं आहेत, हे विचारलं तर कळेल. कोणी म्हणतं कारंज्याला झेरॉक्सचं दुकान आहे, कोणी म्हणतं वाशीमला भावाकडे असतात. दोन्हीकडे बस जाते. मी गेलो नाही. त्या दोन उत्तरांचा मी मधलाही काढला नाही.

लँडलाइन काढून टाकून आता आठ वर्षं झाली. तरी उन्हाळ्यात तीनच्या सुमाराला मला जाग येते आणि मी मोजायला लागतो. बारा, बारा, सतरा. सतरानंतर घर एकदम शांत होतं. पलीकडच्या खोलीत सुचिता जागी आहे हे मला कळतं, कारण तिचीही कूस वळल्याचा आवाज येत नाही.

मग झोप यायची नाही हे ठरल्यावर मी हिशेब घेऊन बसतो. सवय आहे. जमेच्या बाजूला गावंडे सरांची खुर्ची, तायडे सरांचं भांडणाशिवायचं एक वर्ष आणि निरोपाची शाल, सुचिताचं पद, माझं घर. नावेच्या बाजूला सात वर्षं, सहा आठवडे, चार किल्ल्या आणि तीन फोन. मी वर्षानुवर्षं हे खातं फिरवून फिरवून तपासलं, कुठे माझ्या नावे काही निघतं का म्हणून. 'बाबा' हा एक शब्द निघतो. बाकी सगळं एकाच नावावर आहे, आणि ते नाव कुंदा ढोक.